मागच्या चाकांचा आवाज

सोमवारी आणि गुरुवारी दिवेलागणीला वहिनीचा फोन यायचा. आधी पोरांची चौकशी, मग धानाची, मग थंडीची. आणि फोन ठेवायच्या जरा आधी, सहज आठवल्यासारखं ती विचारायची, “गाडीचा आवाज कसा आहे जी, भाऊजी?”

या प्रश्नाचा अर्थ आम्हा सगळ्यांना कळत होता. उद्या दादाला डायलिसिससाठी चंद्रपूरला न्यायचं आहे, तू नेशील की आम्ही बसने जाऊ, असा तो प्रश्न होता. पण आमच्याकडे सरळ मागायची रीत नाही. धानाच्या रोवणीच्या दिवसांत कोणाकडे बैलजोडी मागायला गेलेला माणूस आधी बैलाच्या खुराची चौकशी करतो. मालकाला जोडी द्यायची नसेल तर तो म्हणतो, “खूर दुखून राह्यला थोडा.” त्यावर कोणी उठून खूर बघायला जात नाही. मागणारा चहा पिऊन परत येतो आणि दोघांचंही बरं राहतं.

मी वहिनीला म्हणायचो, “आहे अजून. शोधून राह्यलो.”

“शोधा, शोधा. घाई नोका करू,” ती म्हणायची. “जंगलाचा रस्ता आहे.”

मी चामोर्शीला एका राईस मिलच्या वजनकाट्यावर बसतो. भरलेला ट्रक आला की वजन, रिकामा होऊन निघाला की पुन्हा वजन, दोन्हींतला फरक म्हणजे माल. दिवसभर तेच. त्यामुळे आकड्यांशिवाय मला कोणतीही गोष्ट पटत नाही, आणि आकडा जुळला नाही की झोप लागत नाही. घरचे यावर हसतात. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. तो गावीच राहतो, चामोर्शीहून अर्ध्या तासावर. धानाची शेती होती, ती आता बटईने दिली आहे. दोन वर्षांपूर्वी त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. त्या वेळी डायलिसिसची जागा चंद्रपूरला मिळाली आणि ती तशीच राहिली. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळची पाळी.

तिथेही आधी वजन आणि नंतर वजन. मधल्या दिवसांत अंगात किती पाणी साठलं ते त्या फरकातून कळतं. पहिल्या दिवशी नर्सबाईंनी हे सांगितलं तेव्हा दादा माझ्याकडे बघून म्हणाला, “घे, इथी बी तुह्याच काटा.”

नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण गाडी माझ्याकडे होती. जुनी जीप, मागच्या चाकांवर ओढणारी, मधल्या बाकावर माणूस पाय दुमडून झोपू शकेल अशी. पहाटे निघायचं, गावातून दादा-वहिनीला घ्यायचं, हरणघाटच्या पुलावरून वैनगंगा ओलांडायची, मूल, तिथून जंगल, चिचपल्ली, मग चंद्रपूर. त्याला यंत्राला लावलं की चार तास बाहेर बसायचं. परत निघालं की दादा मधल्या बाकावर आडवा. कधी त्याला उलटी व्हायची, कधी पाय वळायचे. गाडी थांबवायची, वहिनी पाय चोळायची, मी रस्त्याकडे बघत उभा राहायचो. दुपार टळल्यावर घर. त्या दिवशी मग दुसरं काही व्हायचं नाही.

मी कधी नाही म्हटलं नाही. म्हणायचं मनातही आलं नाही, असं मी स्वतःला सांगत होतो.

दिवाळीनंतर एका शुक्रवारी परत येताना मूलच्या अलीकडे गाडीच्या मागच्या भागातून कण्हल्यासारखा आवाज यायला लागला. पाय दाबला की वाढायचा, सोडला की बदलून घरघर व्हायची. घरी येईपर्यंत त्यात खडखडही मिसळली. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने मागच्या आसावरच्या गोल डब्याचं झाकण खोललं. त्या डब्यात डिफरेन्शियल असतं, गॅरेजमध्ये त्याला डिफ्रेन्सल म्हणतात. इंजिनाची ताकद तिथे येते आणि दोन दातेरी चाकांमधून वळून मागच्या दोन चाकांकडे वाटली जाते. त्यातलं ऑइल राखाडी झालं होतं. गॅरेजवाल्याने त्यात बोट बुडवून माझ्यासमोर धरलं. बोटावर लोखंडाची चमक होती.

“दाते गेले, भाऊ. पूर्ण बदलावं लागन.”

नवं लवकर मिळणार नव्हतं. त्याने माजरीकडच्या खदानीत चाललेल्या एका मोडीतल्या जीपचं डिफरेन्शियल आणवलं. मला ते फारसं पसंत नव्हतं. खदानीतली गाडी म्हणजे धूळ, खड्डे, तीन-तीन पाळ्या. पण त्याने दाते दाखवले, ते चांगले दिसत होते. काम चालू असताना मी रोज संध्याकाळी तिथे जाऊन उभा राहायचो. मागची चाकं काढून ठेवलेली होती. पुढचे टायर कडेला झिजलेले मला दिसले आणि मी म्हटलं, “चाकं निघालीच आहेत तर पुढची मागं घाला, मागची पुढं. सारखे झिजतीन.” तो हो म्हणाला. मी पुन्हा ऑइलच्या डब्यावरचा आकडा वाचू लागलो.

गाडी गॅरेजात होती त्या आठवड्यात दादा-वहिनी बसने गेले. आधी मूल, तिथे बस बदलायची, मग चंद्रपूर. त्यात माझा इलाज नव्हता. मंगळवारी मी काट्यावर होतो. हंगाम भरात होता, ट्रकांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली. माझ्या सुट्टीच्या दिवशी एरवी जो दुसरा माणूस काट्यावर बसायचा, तो त्या दिवशी आपलं काम करत होता आणि माझ्याकडे बघून एकदाही कपाळाला आठी घालत नव्हता. दुपारी मी घरी जाऊन गरम भात खाल्ला. पाठ दुखत नव्हती. हात धुताना मला एकदम हलकं वाटलं आणि लगेच, दादा आत्ता कुठे असेल, असं मनात आलं. दोन्ही एकापाठोपाठ आलं. पण हलकं वाटलं ते आधी.

गाडी मिळाली. गावाबाहेर नेऊन वेग घेतला. जुनी घरघर गेली होती. मात्र चाळीसच्या पुढे गेल्यावर मागून एक नवाच आवाज सुरू झाला, मोठा भुंगा डब्यात कोंडल्यासारखा. पन्नासला वाढला, साठला अंगात भिनायला लागला. मी परत गॅरेजात गेलो.

“नवीन जोडी आहे भाऊ, बसाले टाईम लागते,” गॅरेजवाला म्हणाला.

“नवीन कुठी आहे? खदानीतली आहे.”

“मंग तुमच्या गाडीसाठी तर नवीनच झाली ना.”

त्याचे मदतनीस हसले. मीही हसलो, पण मनात ठरवून टाकलं. डिफरेन्शियल चालू गाडीत अडकलं तर मागची चाकं जाम होतात. जंगलाच्या रस्त्यावर, आजारी माणूस आडवा झोपलेला असताना, ही जोखीम घ्यायची नाही. त्या सोमवारी वहिनीला मी तसं सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, “बराबर आहे जी.” दादा मागून म्हणाला, “त्याले म्हणा, बस बरी आहे. खिडकी मोठी राह्यते.”

हे ठरवताना मी खोटेपणा केला नव्हता. आवाज होता आणि भीतीही खरी होती.

मग मी शोधायला लागलो. रोज सकाळी काट्यावर जायच्या आधी गाडी हरणघाटच्या रस्त्याला न्यायची. कोणत्या वेगाला आवाज सुरू होतो, कोणत्या वेगाला सर्वांत मोठा होतो. पाय दाबून ऐकायचं, पाय सोडून ऐकायचं. उतारावर गिअर काढून ऐकायचं. दातेरी चाकांचा दोष असेल तर ओढ पडल्यावर आवाज बदलायला हवा, हे मला माहीत होतं. पण आवाज बदलतो की नाही, याची खात्री होईना. कधी वाटायचं बदलला, कधी वाटायचं तसाच आहे. घरी आल्यावर बायको विचारायची, “सापडला?” मी मान हलवायचो.

गाडी सुरू होताना खालून एकदा टक् असं वाजायचं. तो धागा धरून मी पुन्हा गॅरेजात गेलो. इंजिनाकडून मागे जाणाऱ्या लांब दांड्याचा सांधा सैल झाला होता, गॅरेजवाल्याने तो बदलला. गाडी दोन दिवस तिथेच राहिली आणि त्यात एक शुक्रवार गेला. टक् बंद झालं. भुंगा तसाच राहिला. मग ऑइल काढून पाहिलं. स्वच्छ होतं. मागची चाकं उचलून हाताने फिरवली, हलवली. बेअरिंगमध्ये काही सापडलं नाही.

“भाऊ, माह्याकडे आता खोलाले काई उरलं नाई,” गॅरेजवाला म्हणाला. “आता फक्त तुमीच उरले.”

एका रविवारी मी बायकोला मागच्या बाकावर बसवलं, म्हणजे आवाज डावीकडून येतो की उजवीकडून, ते कळेल. ती डोक्याला रुमाल गुंडाळून बसली. मी वेग सांगायचो, ती बाजू सांगायची.

“पन्नास.”

“दोनी कडून.”

“नीट ऐक ना.”

“ऐकूनच सांगून राह्यली. दोनी कडून. विमानात बसल्यासारखं वाटते.”

“तू कधी बसली विमानात?”

“तुमी कधी बसवलं?”

परत येताना तिने डोक्याचा रुमाल सोडून त्याची घडी केली. मग म्हणाली, “परवा वयनीचे पाय पाह्यले मी. सुजले आहेत. मूलला त्या गर्दीत उभी राह्यते बाई.” मी म्हटलं, आवाज सापडला की मग आहेच ना. ती म्हणाली, “हाव. तुमाले आवाज आणि मंगळवार दोनी एकदमच सापडतीन.” मला राग आला. मी वेग वाढवला आणि आवाजाने पुढचं बोलणं बुडवलं.

तिचं म्हणणं रुतून बसलं म्हणूनच की काय, बुधवारी मी जरा शांतपणे गाडी घेऊन निघालो. आदल्या दिवशी दादा बसने जाऊन आला होता. हरणघाटच्या रस्त्यावर एका गावात थोडा सिमेंटचा पट्टा आहे, पुढे पुन्हा डांबर. त्या पट्ट्यावर मी एरवी वेग कमी करायचो, गावातली कोंबडी-बकरी आडवी येतात म्हणून. त्या दिवशी रस्ता मोकळा होता, मी पन्नासवरच राहिलो. डांबरावरून सिमेंटवर गेलो आणि आवाज बदलला. पट्टीच वेगळी झाली. सिमेंट संपलं, पुन्हा भुंगा.

मी गाडी बाजूला घेतली. डिफरेन्शियलला खाली सिमेंट आहे की डांबर, हे समजायचं कारण नाही. रस्त्याला टेकलेली वस्तू एकच.

उतरून मागच्या टायरवरून तळवा फिरवला. एका दिशेने गुळगुळीत, उलट्या दिशेने करवतीसारखा. दुसऱ्या बाजूचा तसाच. हे टायर पुढून मागे आले होते, आणि ते मागे घालायला मी सांगितलं होतं. पुढे असताना त्यांचा आवाज आधी इंजिनाच्या आणि नंतर जुन्या घरघरीच्या आवाजात मिसळत असावा. आता घरघर गेली, टायर मागे आले, आणि आवाज डिफरेन्शियलच्या ठिकाणाहून येऊ लागला. तीन आठवडे मी ज्या माणसाच्या कामावर संशय घेत होतो, त्याचं काम चांगलं झालं होतं.

खात्री करायला मी दुपारी अंगणात जॅक लावून चाकं पुन्हा मागची पुढे केली. कंबर मोडली. संध्याकाळी फिरवून पाहिलं तर भुंगा पुढे माझ्या पायांपाशी आला होता, आणि मागचा भाग शांत. मला फार आनंद झाला. आकडा जुळल्यावर होतो तसा. टायर वाकडे झिजलेले होते पण फाटलेले नव्हते, बेतशीर वेगाने चंद्रपूरला जाऊन यायला त्यांची हरकत नव्हती. मी ते दोनदा तपासलं.

बायको माहेरी गेली होती, त्यामुळे सांगायला घरात कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी सांगू, असं म्हटलं.

दुसरा दिवस गुरुवार होता. काट्यावर रांग होती. मालकाने जाता जाता विचारलं, “उद्या आहेस ना?” मी म्हटलं, “आहे.” तोंडातून निघून गेलं. तोपर्यंत मला वाटत होतं की दादाला नेण्याचं मी ठरवलेलं आहे.

संध्याकाळी फोन आला. पोरं, धान, थंडी. मग ती म्हणाली, “आवाज कसा आहे जी, भाऊजी?”

मी म्हणालो, “आहे अजून.”

हे खरं होतं. आवाज होताच. टायर बदलेपर्यंत तो जाणारही नव्हता. शब्दाला शब्द लावला तर मी खोटं बोललो नाही, आणि मी ते वाक्य उच्चारायच्या आधी तसं तपासून घेतलं होतं, हे मला नीट आठवतं. ती म्हणाली, “राहू द्या मंग. आमी जाऊन येतो.” तिच्या आवाजात राग की रुसवा, काही नव्हतं. फोन ठेवल्यावर मी जेवलो. गाडी अंगणात उभी होती, ती जेवताना दिसू नये म्हणून मी दाराकडे पाठ करून बसलो.

शुक्रवारी दुपारी मी काट्याच्या खोलीत असताना तिचा फोन आला. एरवी त्या वेळी ती कधी फोन करत नाही.

“भाऊजी, मूलहून आपल्याकडची बस आता कधी आहे, माहीत आहे का जी?”

“का? तुम्ही मूलला आहात?”

“हाव. एक सोडली. तुमच्या भावायले जरा घेरी आली म्हणून खाली बसवलं. आता बरं आहे. निजले आहेत.”

“कुठे निजले?”

“इथीच, बसस्टँडवर.”

तिने मला या म्हटलं नाही. बसची वेळ विचारली. मी म्हटलं, तिथेच थांबा, आणि ट्रक काट्यावर तसाच सोडून निघालो. घरून गाडी काढली. हरणघाटपर्यंत आणि पुढे पूर्ण रस्ता तो आवाज माझ्या पायांपाशी होता. मी वेग बघितला नाही.

मूलच्या बसस्टँडवर कडेच्या बाकाजवळ दादा खाली सतरंजीवर पडला होता. डोकं वहिनीच्या मांडीवर. तिने पदराने त्याच्या तोंडावर सावली धरली होती. बाजूला एक अनोळखी म्हातारी शेंगा सोलत बसली होती, ती मला म्हणाली, “तुमीच का लहाने भाऊ? या बाई केव्हाच्या अशाच बसल्या आहेत.” दादाने डोळे उघडले. ओठ पांढरे होते. मला बघून त्याला आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं नाही.

“आणली का गाडी,” तो म्हणाला.

त्याला उचलून मधल्या बाकावर निजवलं. पन्नास किलोच्या आतबाहेर असेल. मी रोज वजनं करतो, मला हाताने कळतं. वहिनी त्याच्या पायाशी बसली. मूल मागे पडलं, मी चाळीसच्या पुढे गेलो आणि भुंगा सुरू झाला. या वेळी तो फारच मोठा वाटला.

दादा म्हणाला, “आवाज तर आहे खराच.”

“टायरचा आहे,” मी म्हणालो.

“बाकी काई नाई?”

“नाही.”

वहिनीने बाटलीच्या झाकणात थोडं पाणी ओतून त्याच्या ओठांना लावलं. त्याला दिवसाचं पाणी मोजूनच द्यावं लागतं. मग तो छताकडे बघत म्हणाला, “मी म्हणून राह्यलो, आता मंगळवारच करू. शुक्रवार बंद. एका वारी भागते लोकांचं.”

“कोणाचं भागतं? डॉक्टरांनी सांगितलं का?”

“डॉक्टराले काय, तो दोन म्हणते. त्याले येणं-जाणं कुठी करावं लागते.”

आरशात मला वहिनी दिसत होती. तिने खिडकीकडे तोंड केलं. ती रडत नव्हती. हे बोलणं त्यांच्यात आधीच झालं होतं, एवढं मला कळलं. एक वार म्हणजे काय, हेही आम्हा तिघांना माहीत होतं. चार दिवसांच्या अंतरातच त्याला धाप लागायची. सात दिवस त्याला झेपणार नव्हते.

मी गाडी बाजूला घेतली. दोन्ही कडांना साग होता, पानं वाळायला लागलेली. इंजिन बंद केलं आणि मागे न बघता म्हणालो, “दादा, आवाज टायरचा आहे हे मला बुधवारीच समजलं होतं. गाडी आज सकाळी पण चालली असती.”

मग वहिनी हळूच म्हणाली, “असू द्या जी.” ते ‘असू द्या’ ऐकून माझे कान तापले.

दादा म्हणाला, “बुधवारी? मले वाटलं अजून आधी समजलं असन.”

“म्हणजे?”

“पाव किलोचा फरक पकडते तू. तुले एवढा मोठा आवाज तीन आठवडे कसा सापडन नाई?” त्याला बोलताना दम लागत होता, तरी तो हसला. “मी हिले पहिल्याच आठवड्यात म्हटलं, राहू दे, थकला असन पोरगा. दोन वर्षं झाली. बैल बी थकते.”

“मग मला बोलला का नाही?”

“काय बोलू? खूर दुखून राह्यला म्हटल्यावर कोणी खूर पाहाले जाते का?”

तो मला सोडून देत होता, आणि त्यासाठी त्याने शुक्रवार सोडायचं ठरवलं होतं. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. मी एवढंच म्हणालो की दोन्ही वार जायचं, यात बदल नाही.

“पाहू,” तो म्हणाला.

“पाहू नाही.”

“बरं. चालव आता. आणि सावकाश, तुह्या गाडीच्या हादऱ्यानं माहे दात पडतीन,” असं म्हणून त्याने डोळे मिटले.

शनिवारी मी पुढचे दोन्ही टायर नवे टाकले. गॅरेजवाल्याला खरं कारण सांगितलं, आणि चाकं अदलाबदल करायला मीच सांगितलं होतं याची आठवणही करून दिली. तो म्हणाला, “वा भाऊ. तुमी तर माह्या डिफ्रेन्सलले पार फाशी दिली होती.” मग त्याने चहा मागवला. मिलच्या मालकाला मी सांगितलं की हंगाम असो की नसो, मंगळवारी आणि शुक्रवारी मी काट्यावर नाही. तो म्हणाला, “तू हे आधीच सांगायला पाहिजे होतं.” बायको माहेरून आली. तिला सगळं सांगितलं. ती उठून भाजी चिरायला बसली. रात्रीच्या भाजीत मीठ मात्र बरोबर होतं, म्हणून आपण थोडक्यात सुटलो असं मी समजलो.

गाडी आता शांत चालते. ताशी साठला सुद्धा शेजारच्याचं बोलणं ऐकू येतं. त्यामुळे वहिनीला फोनवर विचारायला काही उरलं नाही. पहिल्या सोमवारी मी वाट बघितली, फोन आला नाही. मग मीच केला आणि म्हणालो, “उद्या सहाला येतो.” ती म्हणाली, “बरं जी.” तेव्हापासून दर सोमवारी आणि गुरुवारी मीच फोन करतो. पोरं, धान, थंडी यांतलं ती काही विचारत नाही असं नाही, पण गाडीचं नाव काढत नाही. कधी मला वाटतं, तिने एकदा तरी विचारावं, म्हणजे मला ‘आवाज नाही’ असं सांगता येईल.

मंगळवारी दादा तयार असतो. शुक्रवारी मात्र तो वेळ लावतो. मी पोचतो तेव्हा वहिनी पिशवी घेऊन ओट्यावर असते आणि तो आत कुठेतरी असतो. कधी गोठ्यात, कधी मागच्या परसात, आता बैल नाहीत तरी. पूर्वी मी एकदा हॉर्न द्यायचो. आता देत नाही. इंजिन बंद करतो, खाली उतरून मधल्या बाकावरची उशी सारखी करतो आणि त्याच्या चपलांचा आवाज येईपर्यंत थांबतो.